उसन्या जागेवरचा गोलंदाज

सारसोळे हे नेरूळमधलं जुनं आगरी-कोळ्यांचं गाव. १९७० मध्ये सिडको आली, जमिनी संपादित झाल्या, सेक्टर आखले गेले आणि गाव सेक्टर ६ च्या इमारतींच्या मधोमध गावठाण होऊन राहिलं. खाडीच्या अंगाला पाम बीच मार्ग ओलांडला की खारफुटी, जेट्टी आणि होड्या. दुसऱ्या अंगाला, सायन-पनवेल महामार्गाकडे, डी. वाय. पाटील स्टेडियम. ४ मार्च २००८ रोजी ते खुलं झालं आणि तीनच महिन्यांत, १ जूनला, पहिल्या आयपीएलची अंतिम लढत तिथे रंगली. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री याच मैदानावर हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताला महिलांचा पहिला एकदिवसीय विश्वचषक मिळवून दिला. सारसोळे, कुकशेत, शिरवणे, दारावे, करावे या गावांना क्रिकेट काही स्टेडियममुळे कळलं नाही. टेनिस चेंडूच्या स्पर्धा इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यात. गावागावांचे संघ, मांडवाखाली बसलेले पाहुणे, माइकवरून आगरीत चाललेलं समालोचन आणि शेवटच्या षटकात सीमारेषेच्या आत शिरलेली पोरं, हे इथलं जत्रेइतकंच जुनं आणि हक्काचं करमणुकीचं साधन.

या स्टेडियमला जोडून क्रीडा अकादमी आहे, आणि तिथल्या क्रिकेटचं काम ज्याने काही वर्षं सांभाळलं त्याच्याविषयी मला लिहायचं आहे. साडेसहा फूट उंचीचा एबी कुरुविला. भारतासाठी १० कसोटी, २५ एकदिवसीय सामने. कसोटीत २५ बळी, एकदिवसीय सामन्यांतही २५ बळी. आणि हे सगळं एकट्या १९९७ या सालात. जानेवारीत तो रणजीपटू होता आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा रणजीपटूच.

अशा कारकिर्दींकडे आपण फार घाईने पाहतो. ‘दहा कसोटी खेळला’ म्हटलं की ऐकणारा मनातल्या मनात निकाल देऊन मोकळा होतो: कमी पडला असणार. कुरुविलाच्या त्या दहा कसोटी एकेक करून पाहिल्या की हा निकाल टिकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण गोष्ट सुरू होते त्याआधी सहा वर्षं, वानखेडेवर. मे १९९१, रणजीची अंतिम लढत, मुंबई विरुद्ध हरियाणा. ज्यांनी ती पाहिली ते अजूनही तिच्याबद्दल आवाज खाली आणून बोलतात. हरियाणाने पहिल्या डावात ५२२ केल्या होत्या, दीपक शर्माच्या १९९. शेवटच्या दिवशी मुंबईपुढे ३५५ चं लक्ष्य आलं आणि मुंबई ३ बाद ३४. मग अठरा वर्षांचा सचिन ७५ चेंडूंत ९६ करून गेला, दिलीप वेंगसरकर एका बाजूने उभा राहिला आणि सामना पुन्हा जिवंत झाला. पायात गोळे आल्यामुळे दिलीपसाठी लालचंद राजपूत रनर म्हणून धावत होता. नऊ गडी गेले तेव्हा अकरावा आला तो कुरुविला, पहिलाच मोसम खेळणारा, लांबलचक हातापायांचा पोरगा. त्या जोडीने चाळीसहून जास्त धावा जोडल्या. त्यात बहुतेक धावा दिलीपच्या. कुरुविलाचं काम फक्त टिकायचं, आणि कपिल देव, चेतन शर्मा समोर असताना तो टिकला.

तीन धावा हव्या होत्या. चेतन शर्माचा चेंडू कुरुविलाने फाइन लेगकडे वळवला. राजपूत धावला, कुरुविला क्षणभर थबकला. अमरजित केपीची फेक आली आणि कुरुविला धावबाद झाला. मुंबई सर्व बाद ३५२. हरियाणा दोन धावांनी विजेता. त्यांचं आजवरचं ते एकमेव रणजी विजेतेपद. वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिला आणि मैदानावरच ढसाढसा रडला. वर्तमानपत्रांतून ते रडणं गाजलं. धावबाद झालेल्या पोराला त्या संध्याकाळी काय वाटलं असेल, याची चौकशी फारशी कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही.

मुंबईत अशा पोराला क्रिकेट सोडून नोकरीला लागायला एवढा एक प्रसंग पुरला असता. कुरुविला मूळचा केरळातल्या मन्नारचा. मुंबईच्या क्रिकेटची घराणी दादर-हिंदू कॉलनी-शिवाजी पार्कात, आणि त्यांचा सगळा जीव फलंदाजीत. वेगवान गोलंदाज इथे घडवायची रीतच नव्हती. नव्या चेंडूची लकाकी घालवायची आणि तो फिरकीवाल्याच्या हाती द्यायचा, एवढंच त्यांचं काम. ही उणीव भरून काढायला मुंबई क्रिकेट असोसिएशन आणि मफतलाल यांनी मिळून वेगवान गोलंदाजांसाठी योजना आखली आणि शिकवायला आणला साक्षात फ्रँक टायसन. १९५४-५५ च्या मालिकेत ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच खेळपट्ट्यांवर उडवणारा ‘टायफून’ टायसन! कुरुविला आणि पारस म्हांब्रे हे त्या योजनेतून वर आलेले. साडेसहा फुटांच्या माणसाला वेगापेक्षा उसळी मोठी मिळते. चांगल्या टप्प्यावरचाच चेंडू फलंदाजाच्या बोटांवर येतो. कुरुविला प्रचंड वेगवान कधीच नव्हता. पण त्याच्या हातून चेंडू सुटायचा तोच इतक्या उंचावरून की पुढे येऊन खेळणारा फलंदाज अडखळायचा. रणजीत सहा मोसम त्याने हीच मेहनत केली. भारतीय संघाचं बोलावणं आलं तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

बोलावणं कसं आलं, हेही पाहायला हवं. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात जवागल श्रीनाथचा खांदा दुखावला आणि तो एकही कसोटी न खेळता परतला. भारताच्या गोलंदाजीचा कणाच गेला. कुरुविलाने ६ मार्च १९९७ रोजी किंग्स्टनला पहिला कसोटी सामना खेळला तो या भगदाडात. ही जागा त्याची नव्हती, उसनी होती. मूळ मालक बरा होईपर्यंतची. भारतीय क्रिकेटमध्ये अशा जागेवर आलेल्या माणसाला आपण किती काळ इथे आहोत हे कुणी सांगत नाही, आणि तो विचारूही शकत नाही.

आता ब्रिजटाउन. तिसरी कसोटी, मार्चचा शेवट. खेळपट्टीवर चेंडू कधी गुडघ्याएवढा तर कधी छातीएवढा येत होता. वेस्ट इंडीज २९८, त्यात चंदरपॉल १३७ नाबाद. वेंकटेश प्रसादचे पाच बळी. भारत ३१९. सचिन ९२, द्रविड ७८. तिसऱ्या दिवशी वेस्ट इंडीजचा दुसरा डाव सुरू झाला आणि कुरुविलाला आयुष्यात एकदाच मिळते तशी खेळपट्टी आणि तसा दिवस मिळाला. त्याने ६८ धावांत पाच गडी बाद केले. वेस्ट इंडीज ९ बाद १०७. भारताने १९७१ आणि १९७६ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये कसोटी जिंकली होती, त्यानंतर एकवीस वर्षं नाही. दौऱ्यावरच्या प्रत्येकाला विजय दिसायला लागला होता. मग शेवटच्या जोडीने, अँब्रोज आणि डिलन यांनी, ३३ धावा काढल्या. सर्व बाद १४०. भारताला १२० हव्या. दिवस संपला तेव्हा भारत बिनबाद २.

३१ मार्च १९९७, सोमवार. भारत सर्व बाद ८१. दोन आकडी धावा फक्त लक्ष्मणच्या, १९. बिशपचे चार, अँब्रोज आणि रोजचे तीन-तीन. ३८ धावांनी हार. सचिनने पुढे आत्मचरित्रात आपल्या कप्तानपदाच्या कारकिर्दीतला सर्वांत काळा दिवस म्हणून त्याची नोंद केली. तो दिवस भारतीय क्रिकेटच्या स्मरणात आहे तो ८१ या आकड्याने. १२० ची पाठलागाची संधी ज्याने उभी करून दिली, त्या ६८ धावांत पाच बळींची आठवण त्या ८१ खाली गाडली गेली. भारताने तो सामना जिंकला असता तर कुरुविलाचं नाव १९७१ च्या पोर्ट ऑफ स्पेनच्या गोष्टींशेजारी घेतलं गेलं असतं, याविषयी मला शंका नाही. गोलंदाजाने आपलं काम केलं आणि फलंदाजांनी केलं नाही. तरी फलंदाज राहिले, गोलंदाज वर्षअखेर गेला.

बाकीच्या चार कसोटी अनिर्णित. तिथून ऑगस्टमध्ये कोलंबो. प्रेमदासा स्टेडियमवरचा हा सामना क्रिकेटच्या इतिहासात गोलंदाजांच्या छळासाठी प्रसिद्ध आहे, आणि त्यात आपल्या भागातली दोन माणसं होती: कुरुविला, आणि डोंबिवलीचा नीलेश कुलकर्णी, पहिलीच कसोटी खेळणारा डावखुरा फिरकी गोलंदाज. भारताने ८ बाद ५३७ वर डाव सोडला. दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासात नीलेशच्या हाती चेंडू आला. कसोटीतला त्याचा पहिलाच चेंडू, मार्वन अटापट्टू झेलबाद, झेल यष्टिरक्षक नयन मोंगियाचा. कसोटीतल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेणारा तो पहिला भारतीय. डोंबिवलीत त्या संध्याकाळी काय जल्लोष झाला असेल!

श्रीलंका १ बाद ३९. पुढचा बळी पडला ६१५ वर. तिसरा दिवस अख्खा गेला, चौथा दिवस अख्खा गेला, एकही गडी बाद झाला नाही. जयसूर्या ३४०, महानामा २२५, दोघांची ५७६ धावांची भागी. श्रीलंका ६ बाद ९५२; त्यासाठी भारताने २७१ षटकं टाकली. धावफलकातल्या गोलंदाजीच्या रकान्यावर बोट ठेवून पाहा. राजेश चौहान ७८ षटकं, २७६ धावा, एक बळी. कुंबळे ७२ षटकं, २२३ धावा, एक बळी. नीलेश ७० षटकं, १९५ धावा, एक बळी. तो एक म्हणजे तो पहिला चेंडू. त्यानंतर ४१९ चेंडू, बळी नाही. या तिघांत सर्वांत कमी धावा दिल्या त्या या पदार्पण करणाऱ्या पोरानेच, हे मात्र कुणी बोलत नाही. प्रसादला २४ षटकं, कुरुविलाला १४. ७४ धावा, बळी शून्य. त्या खेळपट्टीवर वेगवान गोलंदाजाला चेंडू देऊन उपयोग नाही हे कप्तानाला कळून चुकलं होतं. पण आकडेवारीच्या तक्त्यात खेळपट्टी छापली जात नाही. ७४ धावा आणि शून्य तेवढं छापलं जातं.

नीलेशची कारकीर्द तीन कसोटींची झाली. शेवटची मार्च २००१ मध्ये चेन्नईला, ऑस्ट्रेलियाविरुद्धची ती निर्णायक कसोटी, जी भारताने दोन गडी राखून जिंकली. त्याच सामन्यात मुंबईचे साईराज बहुतुले आणि समीर दिघे यांनी पदार्पण केलं. शेवटच्या क्षणी खेळपट्टीवर उभा राहून २२ नाबाद करत विजय गाठणारा तो हाच दिघे. तो पुढे सहा कसोटींवर थांबला, साईराज दोनवर. या पिढीचं हे दुर्दैव मुंबईच्या क्रिकेटने नीट मोजलेलं नाही. नीलेशने पुढे क्रीडा व्यवस्थापनाचं शिक्षण देणारी संस्था मुंबईत उभी केली. त्याला कसोटीतले बळी दोन मिळाले, पण खेळाने त्याला सोडलं नाही आणि त्यानेही खेळाला.

१९९७ च्या सप्टेंबरमध्ये टोरंटोला पाकिस्तानविरुद्धची सहारा चषक मालिका. श्रीनाथ नाही, प्रसाद नाही. नव्या चेंडूवर कुरुविला, ओडिशाचा देबाशिष मोहंती आणि पंजाबचा हरविंदर सिंग. तिघेही नवखे. समोर अन्वर, इंझमाम, इजाज. भारताने ती मालिका ४-१ जिंकली. नावाजला गेला सौरभ गांगुली, आणि ते योग्यच होतं. पण इतक्या अननुभवी माऱ्याने पाकिस्तानला चार वेळा रोखलं, ही त्या वर्षातली भारतीय क्रिकेटची दुर्मिळ चांगली बातमी होती. दुर्मिळ म्हणतो, कारण १९९७ मध्ये भारताने १२ कसोटी खेळल्या आणि एकही जिंकली नाही. दोन हरल्या, दहा अनिर्णित.

यांतल्या मार्च ते डिसेंबरपर्यंतच्या दहाच्या दहा कसोटी कुरुविला खेळला. एकही चुकली नाही. नऊ अनिर्णित, एक हार. भारतासाठी कसोटी जिंकल्यावर ड्रेसिंगरूममध्ये काय होतं हे त्याने कधी पाहिलंच नाही.

शेवटची संधी घरच्या मैदानावर आली. डिसेंबर १९९७, वानखेडे, श्रीलंकेविरुद्ध तिसरी कसोटी. मोहालीची अनिर्णित, नागपूरची पावसात वाहून गेलेली. सचिन १४८, गांगुली १७३, भारत ५१२. चौथ्या डावात श्रीलंकेला ३३३ हव्या होत्या आणि ते ७ बाद १६६ वर कसेबसे वाचले. तीन गडी कमी पडले. ज्या मैदानावर १९९१ मध्ये दोन धावांनी हार झाली होती, तेच हे मैदान.

यानंतर कुरुविला भारतासाठी कसोटी खेळला नाही. त्याच महिन्यात शारजात एकदिवसीय सामनेही संपले. श्रीनाथ खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर परत आला होता. मार्च १९९८ मध्ये ऑस्ट्रेलिया आली. फिरकीच्या खेळपट्ट्या, श्रीनाथच्या जोडीला चेन्नईत हरविंदर, कोलकात्यात चक्क गांगुली नव्या चेंडूवर. भारताने चेन्नईत १७९ धावांनी कसोटी जिंकली, तीही पंधरा महिन्यांच्या दुष्काळानंतर. कोलकात्यात डावाने. संघ जिंकायला लागला की बाहेर राहिलेल्याची आठवण निवड समितीला येत नाही.

माझा आक्षेप इथेच आहे. कुरुविलाची कसोटीतली सरासरी ३५.६८. ज्या प्रसादला आपण त्या दशकातला श्रीनाथचा जोडीदार म्हणून आदराने ओळखतो, त्याची ३३ कसोटींनंतरची सरासरी ३५.००. दोघांतलं अंतर एका धावेपेक्षा कमी. मी प्रसादला लहान करत नाही. त्याच्या कटरचं कौशल्य वेगळंच होतं. कुरुविलाला दुखापतींनी ग्रासलं, वयही तिशीकडे झुकलेलं, आणि क्षेत्ररक्षणात व फलंदाजीत त्याचा हातभार तोकडा होता, हेही खरं. पण ही माणसं कुवतीने फार दूर नव्हती. एकाला ३३ संधी मिळाल्या आणि दुसऱ्याला १०, यात कुवतीइतकाच वाटा कोण केव्हा आजारी पडला आणि कोण केव्हा बरा झाला याचा आहे. शिवाय ते दहा सामने कुठे? एक ब्रिजटाउन सोडलं, तर बहुतेक ठिकाणी निर्जीव खेळपट्ट्या, पाऊस, आणि प्रेमदासाचं ते पोलाद. कारकिर्दीला लांबी मिळते ती पहिल्या वर्षातल्या एखाद-दुसऱ्या विजयामुळे. विजयाच्या छायाचित्रात असलेला माणूस निवड समितीला ओळखीचा वाटतो. कुरुविलाच्या वाट्याला ते छायाचित्र आलं नाही.

मुंबईसाठी मात्र तो खेळत राहिला आणि २००० मध्ये निवृत्त झाला. मग त्याने जी कामं केली ती खेळण्याच्या काळापेक्षा कितीतरी लांबली. २००८ ते २०१२ राष्ट्रीय ज्युनियर निवड समितीत होता. ऑगस्ट २०१२ मध्ये उन्मुक्त चंदच्या संघाने टाउन्सव्हिलला १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला, तो संघ त्याच समितीने निवडलेला. आणि नेरूळची अकादमी. या अकादमीच्या मैदानावर दरवर्षी डी. वाय. पाटील ट्वेंटी-२० स्पर्धा भरते. कंपन्यांचे संघ, भर दुपारचे सामने, मोजके प्रेक्षक. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर हार्दिक पंड्या २०२० मध्ये परतला तो याच स्पर्धेत, आणि त्याने ५५ चेंडूंत १५८ नाबाद ठोकल्या. दुखापतीतून उठलेला खेळाडू आपलं अंग पुन्हा साथ देतं की नाही हे टीव्हीपासून दूर तपासून पाहतो, ते या मैदानावर. कुरुविलाच्या काळात अशी सोय कुणाला होती?

गावठाणातल्या पोरांच्या दृष्टीनेही या अकादमीचं महत्त्व आहे, आणि एक अडचणही. टेनिस चेंडूवर वाढलेला गोलंदाज खांद्याच्या झटक्याने चेंडू टाकतो, कारण हलक्या चेंडूला वेग तसाच मिळतो. सीझन चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा. तोच झटका त्याला दिला की कोपर आणि खांदा बोलायला लागतात. मनगट मागे, शिवण उभी, पुढचा पाय ताठ, हे सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं, आणि वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी ते शिकणं म्हणजे जे येत होतं ते आधी विसरणं. सामन्यामागे रोख बक्षीस मिळवणाऱ्या पोराला वर्षभर नुसतं नेटमध्ये घाम गाळायला सांगायचं, तर त्याच्या घरच्यांनाही पटायला हवं. भूमिपुत्रांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या शहरात हे काम महानगरपालिकेने आणि अकादम्यांनी आपणहून करायला हवं. सीझन चेंडू महाग आहे, पॅड-हेल्मेट त्याहून महाग, आणि खाडीवर जाळं टाकणाऱ्या घरातून तो खर्च निघत नाही.

२४ डिसेंबर २०२० रोजी राष्ट्रीय निवड समितीत तीन नवी नावं आली आणि पाच जणांची समिती पूर्ण झाली. अध्यक्ष चेतन शर्मा, ज्याच्या चेंडूवर १९९१ मध्ये कुरुविला धावबाद झाला होता. पश्चिम विभागातून कुरुविला. पूर्वेकडून देबाशिष मोहंती. आधीपासून असलेले हरविंदर सिंग आणि १९९७ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावरचा सहकारी सुनील जोशी. म्हणजे टोरंटोला नव्या चेंडूवर उभे असलेले तिघे नवखे गोलंदाज तेवीस वर्षांनी एकाच टेबलाशी बसले होते. मोहंतीच्या दोन कसोटी, हरविंदरच्या तीन, कुरुविलाच्या दहा. कोणाला किती संधी द्यायच्या हे ठरवण्याचं काम अशा तिघांकडे आलं होतं, ज्यांना संधी कमी पडली म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ज्यांनी शंभर कसोटी खेळल्या त्यांना निवड समितीवर यायला वेळ नसतो आणि मानधनही परवडत नाही, असं म्हणतात. त्यात क्रिकेटचं नुकसानच आहे असं मला वाटत नाही.

ज्युनियर आणि सीनियर मिळून पाच वर्षांहून जास्त काळ निवड समितीवर राहता येत नाही, या नियमाने फेब्रुवारी २०२२ मध्ये कुरुविला समितीतून बाहेर पडला आणि पुढच्याच महिन्यात भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचा महाव्यवस्थापक झाला. पश्चिम विभागाची जागा जवळजवळ वर्षभर रिकामी राहिली. जानेवारी २०२३ मध्ये तिथे आला सोलापूरला जन्मलेला, महाराष्ट्राकडून पहिल्याच रणजी सामन्यात हॅटट्रिक घेणारा सलील अंकोला. नोव्हेंबर १९८९ मध्ये कराचीला त्याने सचिनबरोबर कसोटी पदार्पण केलं होतं. पुढची कसोटी त्याला मिळाली नाही.